नंबर किती, झोप लागते का?

समोरच्या माणसाला चष्मा असला की आमचे सर त्याला एका दमात दोन प्रश्न विचारत. नंबर किती आणि रात्री झोप लागते का? दोन्हींच्या मध्ये श्वास घ्यायची पद्धत नव्हती, त्यामुळे ऐकणाऱ्याला तो एकच प्रश्न वाटे आणि त्याला एकच उत्तर काय द्यावं ते कळत नसे. वडखळच्या नाक्यावर गाडीची वाट बघणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांना नुसतं ‘साडेतीन’ असं उत्तर दिलं होतं. साडेतीन हा नंबर की झोपेचे तास, ते सरांना शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तेवढ्यात अलिबागची एसटी आली आणि गृहस्थ चढून गेले. ही गोष्ट सर वर्गात वारंवार सांगत आणि सांगताना खरोखर हळहळत.

सर पेणचे. मानसशास्त्र शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर. आठवड्यातले काही दिवस पेणच्या कॉलेजात आणि उरलेले आमच्याकडे रोह्याला. दोन्हीकडे हक्काची खुर्ची नव्हती, म्हणून पिशवी कायम खांद्याला. पिशवीत छत्री, जेवणाचा डबा आणि स्वतःच्या खडूंची पेटी. कॉलेजचा खडू फिका उमटतो अशी त्यांची तक्रार होती. पहिली दोन वर्षं मला कोणी विचारलं असतं की तुमचे सर दिसायला कसे, तर पांढरा शर्ट, काळी पिशवी आणि वरच्या बाजूला काहीतरी चकाकणारं, एवढंच मला सांगता आलं असतं. असं का, ते पुढे येईलच.

पीएच.डी.ला त्यांनी विषय घेतला होता तोही हाच. कॉलेजातल्या मुलांचा मायनस नंबर आणि त्यांच्या मनातली काळजी, भीती, धडधड, यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का? सर म्हणायचे, तीन शक्यता आहेत. लांबचं दिसत नाही म्हणून माणूस घाबरतो. किंवा मुळात घाबरट असतो म्हणून घरात पुस्तकाला नाक लावून बसतो आणि मग त्याला लांबचं दिसेनासं होतं. किंवा दोन्ही गोष्टी तिसऱ्याच कशामुळे तरी होतात आणि आपण उगाच या दोघांची सोयरीक जुळवत बसलोय. यातली खरी कोणती, असं कोणी विचारलं की सरांचा आवाज एकदम उजळायचा. म्हणायचे, ‘तेच तर मला माहीत नाही.’ जे माहीत नाही त्याचा एवढा आनंद झालेला दुसरा शिक्षक मी पाहिलेला नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. ‘असेल, पण असेलच असं नाही.’ हे ते कशालाही लावायचे. परीक्षा पुढे गेली म्हणतात सर. असेल, पण असेलच असं नाही. आज कॅन्टीनचा वडा ताजा आहे सर. असेल, पण असेलच असं नाही. एकदा प्राचार्यांनी भर सभेत सांगितलं की आपलं कॉलेज जिल्ह्यात अव्वल आहे, तेव्हा मागच्या रांगेतून सरांचं वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं. त्यांनी ते हळूच म्हटलं होतं, पण सभेत त्याच क्षणी शांतता होती. पुढच्या वर्षी त्यांचे तास कमी झाले ते त्यामुळेच, असं मुलं म्हणायची. असेलही.

गावात मात्र त्यांच्याबद्दल नाना समजुती होत्या. रोह्याच्या बाजारात त्यांना चष्म्याच्या दुकानाचे एजंट समजत. पेणला एका बाईंनी त्यांना झोपेचं औषध देणारे वैदू समजून घरी बोलावलं होतं आणि सर गेलेही होते, कारण बाईंना चष्मा होता. स्टँडसमोरच्या टपरीवर धाटावच्या कंपन्यांमधले कामगार शिफ्ट सुटल्यावर चहाला थांबत. त्यातल्या एका चष्मेवाल्याला सरांनी झोपेचं विचारलं, तर तो म्हणाला, ते मला नको, शिफ्ट लावणाऱ्याला विचारा. सरांनी त्याचा पत्ता मागितला. टपरीवाला हे अजून सांगतो.

आता त्यांच्या हात मोजण्याबद्दल सांगायला हवं, कारण माझी गोष्ट तिथेच आहे.

आधी सरांनी छापील कागद वाटून पाहिले होते. त्यावर नाव लिहायचं नव्हतं, तरी सगळ्यांनी सगळ्या प्रश्नांना ‘नाही’ वर खूण केली. धडधड होते का, नाही. रडू येतं का, नाही. कागदावर लिहिलेलं कोणाच्या तरी हाती लागतं, हे आमच्याकडच्या मुलांना शिकवावं लागत नाही. तेव्हा सरांनी आपली पद्धत काढली. तासाच्या शेवटी ते फळ्यावर एक प्रश्न लिहीत. तो मोठ्याने वाचत नसत. वाचला की माझा आवाज मध्ये येतो, म्हणायचे, आणि मुलं मला बरं वाटावं म्हणून हात वर करतात. मग ते आपला जाडजूड चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि वर्गाकडे तोंड करून म्हणत, ‘आता मला तुमच्यातलं कोणीही ओळखू येत नाही. नुसते हात दिसतात. करा वर.’

आणि गंमत म्हणजे मुलं करायची. समोरचा माणूस खरोखरच आंधळ्यासारखा उभा आहे म्हटल्यावर भीड चेपायची. पहिल्या दोन बाकांपलीकडचे हात सरांना कितपत दिसत होते कोण जाणे. पण ते मोजायचे मात्र मनापासून, ओठ हलवत. पुढे त्यांच्या मुंबईच्या गाइडनी स्पष्ट सांगितलं की असे वर केलेले हात कुठलंही विद्यापीठ धरत नाही. सर म्हणाले, प्रबंधात नाही टाकणार, पण मला कुतूहल आहे त्याचं काय करू? आणि मोजणं चालूच ठेवलं.

मी बसायची मागून दुसऱ्या बाकावर, खिडकीच्या बाजूला. पुढे बसलं की प्रश्न विचारतात, ही भीती. मागे बसलं की फळा दिसत नाही, हे दुखणं. या दोहोंत मी दुखणं पत्करलं होतं. माझा चष्मा बारावीतला होता आणि नंबर त्याच्या कधीच पुढे निघून गेला होता. बाकीच्या तासांना मी फोनवर फळ्याचा फोटो काढून मोठा करून बघायची. सरांच्या तासाला फोन पिशवीत ठेवायचा नियम होता. मग उरली रुबीना.

रुबीना माझ्या शेजारची. नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहायची. वर्गात लग्न झालेली तेवढी एकटीच, नवरा कुवेतला. शिकायचं हे तिने लग्नाच्या बोलण्यातच घालून घेतलं होतं, त्यामुळे ती आमच्यापेक्षा टापटिपीने वह्या लिहायची, आणि तिच्या वहीतलं मी माझ्या वहीत उतरवून घ्यायची. जवळचं मला लख्ख दिसायचं. हात मोजायची वेळ आली की तिचा हात वर गेला की माझाही जाई, तिचा खाली की माझाही खाली. फळ्यावर काय लिहिलंय ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर दिसत नाही हे कळलं असतं. काही प्रश्नांना तर सरांचं लिहून संपायचंच नाही. सगळ्यांचे हात वर गेले तरी सरांचा हात आपला फळ्याशी उंचच. प्रश्न लांबलचक दिसतोय, असं समजून मी रुबीनाकडे जास्तच लक्ष ठेवायची.

घरी सांगायची सोय नव्हती. आम्ही कासूचे, भात आणि वालाची शेती. माझ्या धाकट्या काकाला माझ्यासारखाच जाड चष्मा होता. घरात पहिला शिकलेला तो. एक दिवस त्याला डाव्या डोळ्यापुढे काळं सरकल्यासारखं दिसायला लागलं. थकव्याने असेल म्हणून तो घरीच बसला. मुंबईला नेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, पडदा सरकलाय, फार उशीर केलात. डोळा गेला. घरात आणि गावात त्याचं एकच कारण ठरलं, वाचून वाचून घालवला. काका आजही ओटीवर बसलेला असतो आणि मी पुस्तक उघडलं की चांगला डोळा माझ्याकडे वळवतो. तो काही बोलत नाही. न बोलण्याचीच मला भीती वाटायची.

तेव्हा मी डोळे तपासायचेच बंद केले. तपासलेच नाहीत तर नंबर वाढला असं कोणी म्हणणार नाही, हा माझा हिशोब. त्याचा परिणाम असा झाला की मला माणसं दिसेनाशी झाली. रस्त्यावर समोरून कोण येतंय, हसतंय की रागावलंय, काही कळायचं नाही. आणि कळत नाही तिथे समोरचा रागावलाच आहे असं मी धरून चालायची. स्टेशनवर घोळक्याने उभ्या असलेल्या बाया माझ्याबद्दलच बोलताहेत, सर माझ्याकडे बघून कपाळाला आठ्या घालताहेत, हे मला अगदी नक्की वाटायचं. मी मान खाली घालून जायची. मग शेजारची काकू आईला सांगायची, तुझी पोरगी कॉलेजात गेल्यापासून लई भाव खाते गो. झोप तर उडालीच होती. सरांचा तो प्रश्न मला कोणी विचारू नये म्हणून मी पॅसेजमध्ये सर दिसले, म्हणजे पांढरा शर्ट दिसला, की वाट बदलायची.

शेवटी मी मनाशी ठरवलं की ही परीक्षा दिली की कॉलेज सोडायचं. घरी सांगायचं, माझं मन नाही लागत. वाचन थांबलं तर डोळे तरी राहतील.

असं ठरवून बसले असताना तो दिवस आला. सरांनी तासाच्या शेवटी फळ्यावर काहीतरी लिहिलं, चष्मा काढला आणि म्हणाले, करा वर. रुबीनाचा हात ताडकन वर गेला. माझाही गेला. आणि वर्ग असा काही हसला की बाहेरून शिपाई डोकावला.

सरांना कळेना. ते विचारत होते काय झालं, काय झालं, आणि हसणं थांबेना. तेवढ्यात मागचा एक मुलगा म्हणाला, सर, हिने लग्न केलं आणि आम्हाला सांगितलंपण नाय. माझा हात अजून वरच होता. रुबीनाने तो धरून खाली ओढला तेव्हा मला अंदाज आला की फळ्यावर लग्न झालेल्यांनी हात वर करावा, असं काहीतरी असणार.

सरांनी आजवर हात मोजताना कधी केलं नव्हतं ते केलं. चष्मा परत डोळ्यांवर चढवला. आमच्या बाकाकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. मग फळा पुसला आणि घाईघाईने दुसरी ओळ लिहिली. वर्ग पुन्हा हसला, पण कोणाचाही हात वर गेला नाही. रुबीनाचा नव्हता म्हणून माझाही नव्हता. तिने मला कोपराने ढोसलं.

“अगो, कर ना वर.”

“काय लिहिलंय?” मी पहिल्यांदाच विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “ज्यांना फळा दिसत नाय त्यांनी हात वर करा, असं लिहिलंय.”

सर फळ्याकडे तोंड करून स्वतःचीच ओळ वाचत होते. त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते एकाएकी हसायला लागले आणि हसता हसता खुर्चीवर बसले. तासाला खुर्चीवर बसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली.  मागच्या बाकांवरून एकेक हात वर यायला लागला. त्या हातांत एक माझा होता, आणि यावेळी तो रुबीनाच्या हाताकडे न बघता गेला होता.

सर म्हणाले, “म्हणजे इतके दिवस मला ज्यांचं ऐकायचं होतं त्यांनी मला शेजाऱ्याची भीती सांगितली.” ते रागावून म्हणाले नाहीत. नवीन काही सापडल्यावर माणूस म्हणतो तसं म्हणाले. त्यांचं इतक्या दिवसांचं मोजणं मात्र त्या एका तासात पाण्यात गेलं होतं.

तास संपल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात थांबवलं. रुबीना माझ्याबरोबर थांबली. नंबर किती, सरांनी विचारलं. झोपेचा प्रश्न येईल म्हणून मी वाट बघत होते, पण तो त्यांनी विचारला नाही. त्या न विचारण्यानेच मला काय झालं कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. काका, पडदा, कॉलेज सोडायचं ठरवलंय, सगळं. सांगताना मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

“वाचल्याने डोळे जातात हे कोणी सांगितलं?” सरांनी विचारलं.

“सगळेच सांगतात.”

“असेल,” सर म्हणाले आणि थांबले. पुढचं त्यांना एरवीसारखं चटकन म्हणता येईना. “पण असेलच असं नाही. वाचण्याने पडदा सरकत नाही, एवढं मी वाचलंय. पण तुमचा डोळा आतून कसा आहे, ते बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही. मीही बरीच वर्षं दाखवलेले नाहीत डोळे.”

मला वाटलं, दोन गावांतली दोन कॉलेजं, वेळ मिळत नसेल. रुबीनाला तसं काही वाटलं नाही. ती म्हणाली, “मग तुमी दोघंपन जा ना एका दिवशी. येकमेकांवर लक्ष राहील.” शिक्षकाशी असं बोलतात का, असं मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, माझा नवरा पाण्यापलीकडे हाय, त्याला मी फोनवरून डॉक्टरकडे पाठवते. हे तर समोर उभे होते.

घरी मी चष्मा बदलायचाय एवढंच सांगितलं, आणि पेणच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आई माझ्याबरोबर आली. सरांसाठी तिने घरचे कडवे वाल बांधून आणले होते. सर भेटल्याबरोबर तिने पुरचुंडी त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, “सर, पोरीचं डोळं जातील का वो?” तिने मला हे इतक्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं. म्हणजे ही भीती तिलाही होती, आणि आम्ही दोघी एका घरात राहून एकमेकींपासून तेच लपवत होतो.

“जातील, पण जातीलच असं नाही,” सर म्हणाले.

आई जरा नाराज झाली. काय नाय होनार, असं म्हणतात वो मानसं, ती म्हणाली. सर म्हणाले, काकांनाही तसंच म्हणाले असतील.  त्यानंतर दिवसभर आईने त्यांचंच ऐकलं. डॉक्टरांनी काही सांगितलं की ती आधी सरांच्या तोंडाकडे बघायची.

आम्हा दोघांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागेल म्हणून बसायला सांगितलं. आत गर्दी. समोरच गणपतीचा कारखाना होता आणि त्याच्याच वर सरांची भाड्याची खोली, तेव्हा सर आम्हाला तिथे घेऊन गेले. कारखान्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत मूर्ती होत्या, अंगाला रंग लागलेला, सोंडेवर छटा मारलेली, पण डोळे कोणालाच नव्हते. थेंबांनी आता मला जवळचंही दिसत नव्हतं, आणि तरी तेवढं कळत होतं. सर म्हणाले, डोळ्यांची आखणी शेवटी करतात. आधी डोळे काढले की बाकीचं रंगकाम करताना कारागिराचा हात बिचकतो म्हणे. कोणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटतं.

आईने विचारलं, खरंच का? सर म्हणाले, असेल. आणि पुढचं आई म्हणाली, “पन असंलच असं नाय.”

सर इतके हसले की कारागिराने ब्रश बाजूला धरला. त्या तासाभरात सर सारखे बोलत होते. कारागिराला नंबर विचारला, आईला झोपेचं विचारलं, आईला चष्मा नसतानाही. आई मला नंतर म्हणाली, तुझ्या सरांचं हात बघितलंस गो? पुरचुंडीची गाठ सोडत होते नि बांधत होते. मला ते दिसलं नव्हतं.

तपासणीत निघालं ते असं. माझा पडदा कडेला एका जागी विरळ झाला होता. तिथे लेझर केलं, दरवर्षी दाखवायला सांगितलं, आणि काळं काही सरकताना दिसलं तर त्याच दिवशी यायचं, उशीर करायचा नाही, हे आईकडून दोनदा वदवून घेतलं. वाचा, हवं तेवढं वाचा, डॉक्टर म्हणाले, मध्ये मध्ये बाहेर उजेडात जात जा. आई तिथेच रडली. काकाचं नाव घेऊन रडली, माझं नाही. सरांच्या डोळ्यांत मात्र काही म्हणता काही निघालं नाही. पडदा ठणठणीत, नंबरसुद्धा जुनाच. सरांचा विश्वास बसेना. ते डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारत होते की मग एवढी वर्षं मी नेमकं कशाला, आणि वाक्य अर्धंच सोडत होते. मग त्यांनी डॉक्टरांच्या चष्म्याकडे बघून विचारलं, नंबर किती, झोप लागते का?

ज्याच्या डोळ्यात काही नव्हतं तो इतकी वर्षं टाळत राहिला, आणि जिच्या डोळ्यात होतं ती त्या संध्याकाळी कासूच्या गाडीत गाढ झोपली. सरांच्या तिन्ही शक्यतांत हे कुठे बसतं, ते मी त्यांना विचारलं होतं. बसत नाही, ते म्हणाले, आणि खूश झाले.

सर आता रोह्याला नाहीत. पुढल्या वर्षी त्यांचे तास आणखी कमी झाले, मग गेलेच. पेणची खोलीही त्यांनी सोडली असं कारखान्यातल्या कारागिराने सांगितलं. पीएच.डी. पूर्ण झाली की नाही माहीत नाही. मी मात्र सोडलं नाही कॉलेज. सध्या मानसशास्त्रातच एम.ए. करते आहे, आणि चष्मेवाला माणूस दिसला की तोंडाशी आलेला प्रश्न गिळते.

पण मला सांगायचाय तो नवा चष्मा आल्यानंतरचा पहिला तास. सकाळपासून मी वेड्यासारखी सगळीकडे बघत होते. स्टेशनवरच्या त्या बाया माझ्याबद्दल बोलत नव्हत्या, एकमेकींना फोनवर साड्या दाखवत होत्या. त्यातली एक माझ्याकडे बघून हसली, आणि ती बहुधा रोजच हसत असणार. वर्गात मी माझ्या नेहमीच्याच बाकावर बसले. सर आत आले आणि मला बाकावरून पहिल्यांदा त्यांचा चेहरा दिसला. आठ्या कुठेच नव्हत्या. उलट सगळ्यांना बरं वाटतंय ना, असं बघत आत येणाऱ्या माणसाचा असतो तसा चेहरा होता, थोडा घाबरलेला.

तासाच्या शेवटी त्यांनी प्रश्न लिहिला आणि आता वाचूनही दाखवला. ज्यांना अशी एखादी भीती वाटते की जी कोणाला सांगता येत नाही, त्यांनी हात वर करावा. चष्मा काढून टेबलावर ठेवला. खडूही ठेवला. मी हात वर केला, रुबीनाच्या आधी. आणि मग मला फळ्याजवळ सरांचा हात दिसला. ते काहीही लिहीत नव्हते. खडू टेबलावर होता, आणि सर वर्गाकडे तोंड करून, डोळे बारीक करून, आपला उजवा हात सरळ उंच धरून उभे होते. डाव्या हाताने आमचे मोजत होते.

“रुबी,” मी म्हटलं, “सरांचा हात वर हाय.”

“तो तर असल्या प्रश्नाला दर टायमाला असतो,” ती म्हणाली. “पहिल्या वर्षापासून. तुला दिसला नाय कधी?”

मी मानेनेच नाही म्हटलं. हात मात्र वरच ठेवला.